पिवळ्या उजेडाची बॅटरी

उदयसिंहाने बॅटरीचे तोंड तळहाताने झाकले आणि बटण दाबले. बोटांच्या फटींतून पांढराफेक उजेड बाहेर सांडला. नाक मुरडून त्याने ती काउंटरवर परत सरकवली.

"ही बॅटरी हाय का वेल्डिंग?"

"नवीन मॉडेल हाय, साहेब," शमशुद्दीन म्हणाला. "खिशात ऱ्हाती. पाण्यात पडली तरी चालती. हे पुढचं टोक बघा, गाडीची काच फुटती ह्यानं."

"मला कुणाच्या गाडीची काच फोडायची न्हाय."

"तसं न्हवं. कधी आत अडकला तर."

"मी कशाला अडकू?"

लक्ष्मीपुरीतले ते दुकान म्हणजे दोन गिऱ्हाइके समोरासमोर आली तर एकाने मागे सरावे, एवढेच. भिंतीवर दुरुस्तीला आलेली आणि कुणी परत न्यायला न आलेली घड्याळे, काचेच्या कपाटात बॅटऱ्या, खाली सेलची खोकी. उदयसिंह इमारतींची कामे घेणारा माणूस. दुकानात शिरल्या शिरल्या मालाला नावे ठेवायची म्हणजे दुकानदार नरमतो, हे तो तरुणपणीच शिकला होता. पण आज त्याला भाव पाडायचा नव्हता. आज त्याला खरोखरच काही पसंत पडत नव्हते, आणि म्हणून तो जास्तच चिडला होता.

एका बॅटरीला शिट्टी होती. एकीच्या बुडाला लोहचुंबक. एकीला बाटलीचे झाकण काढायची सोय, आणि एक तर नुसती टिचकी मारली की लाल-निळी लुकलुकायला लागायची. उजेड पाडणे एवढे साधे काम सोडून या बॅटऱ्यांनी हे बाकीचे उद्योग अंगावर का घेतले, ते त्याला कळेना. शमशुद्दीन सांगत होता की हल्ली नोकरदार पोरे असली एखादी रोज खिशात घालूनच बाहेर पडतात. पडोत बापडी. दिवसभर पंख्याखाली खुर्ची उबवायची, दुपारी डबा खायचा, आणि खिशात काच फोडायची बॅटरी! असले कुठले अस्मानी संकट कोसळणार होते यांच्यावर?

"कशासाठी पायजे ते सांगा की," शमशुद्दीन म्हणाला. "मग मला देता यील."

"उजेडासाठी."

"ते झालंच. पण काय बघायचंय उजेडात?"

उदयसिंह कपाटातल्या बॅटऱ्यांवरून नजर फिरवू लागला. त्याला मुठीत मावेल अशी बॅटरी हवी होती. बटणाचा टकटक आवाज नको होता, उजेड आजूबाजूला फाकायला नको होता, आणि मुख्य म्हणजे तो पांढरा नको होता. एवढ्या अटी घालणाऱ्या माणसाने कारण सांगायला काय हरकत होती? पण ते कारण असे होते की स्वतःशी उच्चारतानाही त्याला स्वतःची लाज वाटत होती, आणि लाज वाटली की तो समोरच्यावर गुरकावत असे.

"ट्यूब बंद करा," तो म्हणाला. "आन शटर जरा खाली घ्या."

शमशुद्दीनने त्याच्याकडे एकवार पाहिले, मग शटर अर्धे ओढले.

"आता तितं भिंतीला लागून उभं ऱ्हावा."

"मी?"

"मग काय मी?"

साठी ओलांडलेला तो माणूस काउंटरमागून बाहेर आला आणि बंद घड्याळांखाली उभा राहिला. हातांचे काय करावे ते न सुचून त्याने ते पोटावर धरले. उदयसिंहाने दुसरी एक बॅटरी उचलली आणि उजेड त्याच्या चपलांवर टाकला. तिथे जरा थांबला. मग गुडघ्यांवर. मग पोटावर धरलेल्या हातांवर. मग पांढऱ्या दाढीवर.

"हलू नका."

"मी काय चोर हाय व्हय? असं खालनं वर तपासालाय ते." शमशुद्दीन डोळे मिचकावत हसला. "का किरणोत्सव करालाय माझा?"

बॅटरी विझली. शमशुद्दीन आपला गमतीने बोलून गेला होता. मावळतीचे ऊन अंबाबाईच्या पायांवर येते, कमरेपर्यंत चढते, मुखावर जाते, हे कोल्हापुरात वाढलेल्या माणसाला, तो कुठल्याही धर्माचा असो, ठाऊक असतेच. पायापासून तोंडाकडे चढणारा उजेड बघून त्याला दुसरे काय आठवणार? पण समोरून हसू आले नाही, शिवीही आली नाही, आणि मग त्याचेही हसू विझले. त्याने चाचपडत ट्यूब लावली, खाली वाकून तळाचा खण ओढला आणि एक धुळकट डबी बाहेर काढली.

"ही बघा. जुना माल हाय. हिला शिट्टी न्हाय, काय न्हाय. बटणबी न्हाय. तोंड फिरवायचं, तसा उजेड हळूहळू वाढतोय. आन पिवळा हाय. लोकांस्नी हल्ली पांढरा लागतोय, म्हणून पडून ऱ्हायली."

बोटभर लांबीची पितळी बॅटरी होती ती. उदयसिंहाने तिचे तोंड फिरवले. तळहातावर पिवळा, गोल, नीट कडांचा उजेड उगवला आणि बोटांच्या इशाऱ्याने वाढत गेला. दुपारभरात पहिल्यांदाच त्याने नाक मुरडले नाही.

"बरी हाय," तो म्हणाला.

"कुठल्या देवळात?" शमशुद्दीनने डबी पुसता पुसता विचारले.

"घरात उंदरं झाल्यात."

"व्हय व्हय," शमशुद्दीन म्हणाला. "उंदरास्नी पिवळाच बरा."

उदयसिंहाच्या कॉलनीत मरगाईचे देऊळ होते. देऊळ म्हणजे उंच जोत्यावरची एक खोली, पुढे पत्र्याचा मंडप, त्याच्यापुढे दीपमाळ आणि मग पटांगण. पटांगणाच्या दुसऱ्या कडेला, बरोबर देवळासमोर, मावळतीच्या अंगाला उदयसिंहाचे घर. उदयसिंहाची आई थंडीच्या दिवसांत संध्याकाळी गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी वाती वळत बसायची. घरात सगळे तिला आक्का म्हणत, पोटची पोरेसुद्धा. ती देवीपुढे बसायची ती भक्तीने कमी आणि पाठदुखीने जास्त. दाराकडे पाठ केली की मावळतीचे ऊन पाठीवर यायचे, पाठ शेकून निघायची. असेच एका जानेवारीच्या अखेरीला ते ऊन तिच्या खांद्यावरून पुढे सरकले आणि देवीच्या पायांवर जाऊन बसले. मग गुडघ्यांवर, मग थेट मुखावर. आक्काने हातातल्या वाती खाली ठेवल्या आणि पटांगणभर हाका मारून माणसे गोळा केली.

झाले. अंबाबाईच्या घरी होतो, तसा आमच्या मरगाईलाही किरणोत्सव होतो, म्हणून कॉलनीने हौसेने तीन दिवसांचा सोहळा सुरू केला. मंडळाचा अध्यक्ष आकाराम हातात माईक धरून "किरणं उंबऱ्यावर आली, किरणं पायावर आली" असे सांगू लागला, जणू समोर बसलेल्यांना डोळेच नव्हते. उदयसिंहाला या सगळ्याची मनापासून किळस होती. सूर्य मावळताना समोरच्या दारातून आत येणारच, त्यात देवीने काय केले? ज्यांना आपल्या घराची मोरी धड बांधता येत नाही, तीच माणसे उन्हाच्या तिरिपेला हात जोडून उभी राहतात, असे तो सगळ्यांसमोर बोलून दाखवी. आक्का ऐकून घेई आणि कूस बदलावी तसा विषय बदले.

मग त्याने घरावर तिसरा मजला चढवला. आक्का एकदाच म्हणाली होती, "दोन बास झालं की रे." त्याने ऐकले नाही. तो मजला त्याला भाड्याने द्यायचा होता. देवळाकडच्या भिंतीला त्याने खिडकीसुद्धा ठेवली नाही. भाडेकरूला भजनाचा कालवा नको, आरतीच्या वेळचे भोंगे नकोत, असे त्याने गवंड्याला बजावून सांगितले आणि ती सबंध भिंत सपाट बांधून घेतली.

गेल्या जानेवारीत मरगाईच्या पायांवर ऊन आले नाही. आभाळ निरभ्र होते. सगळा जमाव अंधाऱ्या गाभाऱ्याकडे बघत बसून राहिला, आणि आकारामने माईकवरून जाहीर केले की ढगांमुळे यंदा किरणे पोचू शकली नाहीत. मागे वळून त्या तिसऱ्या मजल्याकडे बघायची एकाचीही छाती झाली नाही, कारण मंडपातली फरशी उदयसिंहाने बसवून दिली होती. तीन दिवस ढगांवर बिल फाडले गेले. चौथ्या दिवशी आक्काने कापडी पिशवी भरली आणि ती चंदगडला लेकीकडे, बनाबाईकडे निघून गेली. भांडली नाही, काही नाही. पायरी उतरताना मागे बघितले नाही एवढेच.

वर्ष झाले, ती परत आली नव्हती. लोक काय बोलतात याची उदयसिंहाला फिकीर नव्हती. लोकांना तो काडीची किंमत देत नसे. पण साइटवरून घरी आल्यावर चपला काढताना माजघरातून "उदया, आलास व्हय?" असे कुणी विचारत नव्हते. पन्नाशी उलटलेल्या माणसाला हे विचारणारे जगात एकच माणूस असते. दारात त्याचा पाय रोज घुटमळे, आणि मग त्या घुटमळण्याचाही त्याला राग येई.

या जानेवारीत बनाबाईचा फोन आला. आक्का किरणोत्सवाला येतेय. थेट देवळात येणार. मग तिच्या हातून फोन आक्काने घेतला आणि ती ताडकन म्हणाली, "देवीच्या पायावर ऊन आलं तर घरात पाऊल टाकतो. न्हायतर देवळातनंच माघारी एस्टी धरतो."

बॅटरी घेऊन तो घरी आला तेव्हा त्याची बायको संयोगिता भाजी निवडत होती. त्याने खोलीचे दार लावून कपाटावर पिवळा उजेड टाकून बघितला, पण दार लावल्याने बायकोपासून काही लपत असते तर काय हवे होते!

"एवढं करण्यापरास चंदगडला जाऊन आक्कांचं पाय धरलं असतं," ती बाहेरूनच म्हणाली.

"कशाबद्दल? घर बांधलं म्हणून?"

"चुकलं म्हणायला काय मजला पाडावा लागत न्हाय."

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"मला कळतंय," संयोगिता म्हणाली. "बॅटरी हुडकत हिंडायला लाज वाटत न्हाय, आन आईला हात जोडायला वाटती."

त्याने उजेड कपाटाच्या पायांवर टाकला आणि सावकाश वर नेला.

किरणोत्सवाच्या पहिल्या दिवशी आक्का स्टँडवरून रिक्षाने थेट देवळाशी उतरली. वर्षभरात ती जरा वाकली होती. उदयसिंह दीपमाळेशी उभा होता; तिने त्याला पाहिले, पण ओळखीच्या खांबाकडे बघावे तसे. पिशवी मंडपात ठेवून ती सगळ्यांच्या पुढे, उंबऱ्याशी, आपल्या नेहमीच्या जागी देवीकडे तोंड करून बसली. बाकीची माणसे तिच्या मागे दाटीवाटीने टेकली. आकारामने माईकवर फुंकर मारली. गाभाऱ्यातले दिवे मालवले.

पटांगणावर तिसऱ्या मजल्याची सावली पसरली होती. सगळे तिच्यात बसले होते आणि सगळे समोर बघत होते. उदयसिंहाला त्यांची कीव आली नाही, हसूच आले. देवाकडे तोंड केलेल्या माणसाच्या पाठीमागे काय वाटेल ते करावे, त्याला पत्ता लागत नाही. त्याने वर्तमानपत्राची घडी खांद्याशी धरली, घडीत बॅटरी धरली आणि दीपमाळेच्या आडून तिचे तोंड हळूच फिरवले.

उंबऱ्यावर पिवळा ठिपका उगवला.

आकाराम माईक हातात धरून गप्प झाला. या वर्षीही ढगांचीच तयारी करून आलेला माणूस तो. मग ठिपका पायरी चढला आणि देवीच्या पायांवर जाऊन टेकला, तेव्हा बायकांच्या घोळक्यातून एक हुंकार उठला. कुणीतरी "आई गं" म्हणाले. आकारामला कंठ फुटला: "किरणं पायावर आली! आई मरगाईच्या पायावर किरणं आली!"

मूर्ख, उदयसिंह मनात म्हणाला. एवढ्या माणसांत एकालाही वळून बघावेसे वाटू नये? सूर्य घराच्या मागे आहे हे यांना दिसत नाही? त्याने उजेड गुडघ्यांवर नेला. हात अवघडला होता, पण हलवून चालणार नव्हते. उजेड वर नेता नेता त्यालाही उजेडाच्या मागोमाग बघावे लागत होते, आणि कित्येक वर्षांत त्याने मरगाईकडे असे नीट पाहिले नव्हते. हिरव्या चोळीचा काठ दिसला. मग नथ. मग पितळी डोळे एकदम लखलखले, आणि तो दचकला. पुढे बसलेल्या आक्काने हात जोडले होते. मग तिने जोडलेले हात सोडले आणि पदर पाठीवरून घट्ट ओढून घेतला. थंडी वाजत असेल, त्याला वाटले. म्हाताऱ्या माणसांना जानेवारी सोसत नाही.

आरती झाली. आकाराम येईल त्याला पेढा देत सुटला होता. आक्का उठली, पिशवी उचलली आणि पटांगण ओलांडून घराच्या दिशेने चालू लागली. उदयसिंह तिच्या मागून चालला. खिशातली बॅटरी चालताना मांडीला लागत होती, आणि तो आतल्या आत फुगला होता. पाय धरायला सांगत होती बायको! माणसाने डोके चालवले की पाय धरावे लागत नाहीत.

संयोगिताने दारात भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला, पायांवर पाणी घातले. आक्का आत आली. पिशवी मात्र तिने दाराशीच ठेवली, खुंटीला अडकवली नाही. जेवायला बसल्यावर बनाबाईच्या काजूची, चंदगडच्या पावसाची, संयोगिताच्या गुडघ्यांची विचारपूस झाली. देवळाचे नाव नाही. शेवटी उदयसिंहालाच राहवले नाही.

"यंदा ऊन चांगलं आलं न्हवं, आक्का?"

आक्काने भाकरीचा घास आमटीत बुडवला.

"उजेड चांगला हुता," ती म्हणाली. "पाठ तेवढी गार ऱ्हायली."

संयोगिताचा हात पातेल्यावर थांबला. उदयसिंहाने ताटाकडे बघितले. रंग त्याने बघितला होता, आवाज बघितला होता, कडा बघितल्या होत्या. एका म्हाताऱ्या बाईला उजेड नव्हे, ऊन हवे असते, आणि ते तिला आधी पाठीला कळते, हे त्याच्या मनातही आले नव्हते. त्याचे कान तापले. आक्काने त्याच्याकडे बघितले असते, दोन शिव्या हासडल्या असत्या तर बरे झाले असते. तिने फक्त ताक मागितले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवी दाराशीच होती. तो साइटवर गेला, पण तिथे त्याचा पाय ठरेना. स्लॅबला नावे ठेवली, वाळूला नावे ठेवली, गवंड्याला उभे-आडवे झाडले. कुणी उलट बोलले नाही, त्यामुळे त्यातही मजा आली नाही. पहिल्यांदाच त्याला असे वाटले की आपण ज्यांना मूर्ख म्हणतो, त्यांतल्या कितीजणांनी काल मागे वळून न बघण्याचे ठरवून टाकले असेल? आकाराम तर फार लगेच बोलायला लागला होता. हा विचार त्याला मुळीच आवडला नाही.

संध्याकाळ व्हायच्या आत तो घरी परतला. दाराशी पिशवी नव्हती.

चपला न काढताच तो आत गेला. संयोगिता कुकर लावत होती.

"गेली?"

"वर गेल्यात," ती म्हणाली, आणि त्याचा चेहरा बघून तिला त्याची थोडी दया आली असावी. "तिसऱ्या मजल्यावर. दुपारीच गेल्यात."

आक्का त्या मजल्यावर कधी चढली नव्हती. बांधकाम चालू असतानाही नाही, वास्तुशांतीलाही नाही. तेव्हा ती खालीच पुरणाला बसली होती. भाडेकरूही मिळाला नव्हता. येत होते ते उदयसिंहाला पसंत पडत नव्हते. तो जिने चढून गेला. दार उघडे होते.

खोली उन्हाने भरली होती. मावळतीच्या खिडकीतून ते सरळ आत आले होते, आणि कुणाच्याही वाट्याचे नसल्यासारखे रिकाम्या फरशीवर लोळत होते. मधोमध सतरंजी टाकून आक्का बसली होती, खिडकीकडे पाठ करून. तिची पिशवी खिळ्याला अडकवलेली होती. पदर खांद्यावरून खाली घेतला होता, आणि ती वाती वळत होती. समोरच्या बिनखिडकीच्या भिंतीवर उन्हाचा एक मोठा चौकोन पडला होता आणि त्यात आक्काची सावली होती.

"उदया, आलास व्हय?" मागे न बघता ती म्हणाली.

तो दारातच उभा राहिला. खाली देवळात माणसे जमल्याचा कालवा ऐकू येत होता. तो ऐकू येऊ नये म्हणूनच तर ही भिंत सपाट बांधली होती.

"हितं येऊन थांबतंय बघ ते," आक्का म्हणाली, आणि वातीच्या टोकाने तिने भिंतीवरचा चौकोन दाखवला. "वर्षभर मी म्हणतोय, गेलं कुठं."

उदयसिंह भिंतीपाशी गेला. खिशातून पितळी बॅटरी काढून त्याने तिचे बूड भिंतीवर दोनदा ठोकले. भिंत दिसली की ठोकून बघायची त्याला सवयच होती. चार इंची होती. पलीकडे पटांगण, पटांगणापलीकडे देवळाचे दार, आणि दारात अंधार. उन्हाच्या चौकोनाच्या कडेवरून त्याने बोट फिरवले, खालून वर, आणि बोट गरम झाले.

"आक्का," तो म्हणाला. "माझं..."

"ते मागनं बघू," आक्का म्हणाली. खालून आकारामने माईकवर फुंकर मारल्याचा आवाज आला. तिने नवी वात वळायला घेतली आणि पाठ उन्हात जरा सैल सोडली. "सेल बदलल्यास न्हवं? मग जा की आता. लोकं अंधारात बसल्यात."